जास्तीचा ठिपका

१

पडायचा पगार मिळतो असं कोणी सांगितलं तर लोक हसतील, पण तिला तो मिळत होता. ऑफिसच्या मागच्या अंगाला एक खोली होती. पलंग, कपाट, खुर्ची, पडदे, कोपऱ्यात दिवा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची खोली असावी तशी ती मांडलेली होती. फक्त कपाटात कपडे नव्हते आणि पडद्यामागे खिडकी नव्हती, नुसती भिंत होती. या खोलीत जाड गादी टाकून ती रोज पडायची. पलंगावरून गडगडायची, खुर्चीतून कलंडायची, पाय अडकून पालथी व्हायची, भिंत धरून सावकाश घसरत खाली बसायची. सुरुवातीला तिला याची फार लाज वाटली होती. मग सवय झाली. ‘चला, पोटासाठी पडून येते,’ असं म्हणत ती आत शिरायची.

भिंतीवर एक पांढरी पेटी होती. ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी लावायची. तिच्यात कॅमेरा नव्हता, कारण म्हाताऱ्यांनाही अब्रू असते. रेडिओलहरींवर तिला माणूस कळायचा. चालला तरी कळायचा, नुसता श्वास घेतला तरी कळायचा. दूर राहणाऱ्या मुलांच्या फोनवर घराचा नकाशा दिसे आणि माणूस असेल तिथे एक निळा ठिपका. माणूस पडला, किंवा फार वेळ जमिनीवर राहिला, की ठिपका लाल व्हायचा आणि फोन बोंब ठोकायचा. बाकीची मंडळी ही पेटी आणि तिचा प्रोग्रॅम बनवायची. पेटी कुठे चुकते हे शोधायचं काम हिचं.

त्यामुळे ऑफिसात तिला सगळे शंकाताई म्हणत. प्रोग्रॅम लिहिणारा तात्या तर तिला लांबून येताना बघूनच कपाळाला हात लावायचा. तात्या वयानं लहान होता, पण बोलणं म्हाताऱ्यासारखं, म्हणून तात्या. तो म्हणायचा, “ताई, तू स्वर्गात गेलीस तरी आधी दाराची कडी वाजवून बघशील.” ती म्हणायची, “बघीनच. तुझ्यासारख्यानंच बसवलेली असेल ना ती.”

हे सगळं चेष्टेचं झालं. पण आई गेल्यावर तिचे बाबा एकटेच राहत होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मागच्या वर्षी त्यांना चक्कर येऊन ते पडले आणि शेजारणीला कळेपर्यंत तसेच पडून होते. ‘माझ्याकडे चला’ म्हणून तिनं जंग जंग पछाडलं. बाबा जन्मभर चित्रकलेचे मास्तर; हट्ट मोडला तर ते मास्तर कसले! शेवटी हो-ना करता करता त्यांच्या स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत आणि झोपायच्या खोलीत पेट्या लागल्या. बाबा म्हणाले, “तू तपासली आहेस ना? मग लाव. तुझ्यावर विश्वास आहे, पेटीवर नाही.”

हे वाक्य तिच्या मनातून कधी गेलं नाही.

२

एका दुपारी ती खुर्चीतून पडली. स्क्रीन खोलीबाहेर टेबलावर होती, पण खोलीत असताना ती फोनवर तेच चित्र बघायची. गादीवर पडल्या पडल्या तिनं फोन तोंडासमोर धरला. तिचा ठिपका लाल झाला होता, जसा व्हायला हवा तसा. कपाटाजवळ आणखी एक होता, निळा.

तिनं मान वळवून कपाटाकडे पाहिलं. कपाट होतं. त्याच्या बाजूला भिंतीपर्यंत जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा होती आणि ती रिकामी होती. तिनं पुन्हा फोनकडे पाहिलं. ठिपका तिथेच. ती उठून उभी राहिली आणि ठिपका गेला.

तिला भीती वाटली असं कोणी समजू नये. उलट आनंद झाला. चूक सापडली की तिला भूक लागायची, इतका आनंद व्हायचा. ती पुन्हा पडली आणि ठिपका पुन्हा आला. ती उठली की जायचा, पडली की यायचा. कपाटाजवळच यायचा आणि जरासुद्धा हलायचा नाही. पेटीच्या हिशेबानं तिथं कुणीतरी उभं होतं आणि तिच्याकडे बघत होतं. म्हणजे ‘बघत होतं’ हे तिचं तिनंच घातलं. पेटीला कोण कुठं बघतं ते कळत नाही. हे तिला चांगलं ठाऊक होतं आणि तरी तो शब्द मनात येऊन बसला.

३

तिनं कपाट हलवलं, मग बाहेर काढलं. पडदे उतरवले, पंखा बंद केला, भिंतीपलीकडे पाण्याचा पाइप आहे का ते बघून आली. नव्हता. पेटी बदलून दुसरी लावली. ठिपका तिथेच, जिथे कपाट होतं त्या जागेच्या शेजारी.

लहरी भिंतीवर आपटून परत येतात आणि एका माणसाची दोन माणसं होतात, हे या धंद्यात काही नवं नाही. पण प्रतिबिंब असेल तर आपण हलल्यावर ते हलायला हवं. तिनं गादीवर पडून हात वर केला, पाय झाडले, कूस बदलली. तिचा स्वतःचा ठिपका थरथरला. दुसरा दगड.

आणखी एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. कपाट बाहेर गेल्यावर खोली मोकळी झाली होती आणि मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. ती पडली की धप्पकन आवाज व्हायचा आणि तो खोलीभर फिरायचा. पण त्या कोपऱ्यातून तो परत येत नव्हता. तिथं काहीतरी मऊ टांगलेलं असावं तसा तो तिथं जिरत होता. ती दोनतीनदा पडली ते नुसतं हे ऐकायला. मग स्वतःलाच म्हणाली, ‘बये, तू पेटी तपासायला आलीस की कान?’ आणि उठून चहाला गेली.

४

“माझ्या मशीनवर तर असं काही होत नाही,” तात्या म्हणाला. हे सगळे प्रोग्रामर म्हणतात.

“मग तू पड.”

“मी? माझी कंबर बघितलीस का?”

“कंबर नाही, धाडस बघतेय.”

एवढ्यावर तो आत गेला. दार लागलं. ती बाहेर स्क्रीनपाशी बसली. तात्या बराच वेळ नुसता उभा होता, मग आतून गादीवर आदळल्याचा आवाज आला आणि त्याचा ठिपका लाल झाला. कोपऱ्यात दुसरा उगवला. ती मान खाली घालून टायपिंग करू लागली. मान वर केली तेव्हा निळा ठिपका लाल ठिपक्याला अगदी चिकटला होता, एकावर एक ठेवल्यासारखा. मग दार उघडलं.

तात्या बाहेर आला. तो हसत होता, पण हात पँटला पुसत होता.

“काय झालं?”

“काय व्हायचंय? आला का तुझा ठिपका?”

“आला. आणि तुझ्यात मिसळला.”

“मिसळला ना? मग प्रतिबिंबच. खरी माणसं एकमेकांत मिसळतात का?” तो घाईनं म्हणाला. तिच्याकडे न बघता तो खुर्चीत बसला आणि उगाच की-बोर्ड बडवत राहिला.

“तात्या, तुला आत काही वाटलं?”

“कंबर दुखली एवढं वाटलं.”

त्यानंतर तो त्या खोलीत कधी गेला नाही. काहीतरी आणायला पाठवलं तरी दारात उभा राहून दुसऱ्याला पाठवायचा. हे तिनं पाहिलं होतं. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली बारीकशी खोट जिच्या नजरेतून सुटत नव्हती तिनं ही एवढी मोठी गोष्ट पाहिली आणि सोडून दिली.

५

साहेब भले माणूस, पण तारखेला बांधलेले. नवा प्रोग्रॅम सगळ्या घरांत जायचा दिवस ठरला होता. जास्तीच्या ठिपक्याचं ऐकून त्यांनी दोघांना बोलावलं.

“घरात एकटी आई राहतेय आणि मुलाच्या फोनवर दोन माणसं दिसली तर तो काय म्हणेल?” साहेब म्हणाले. “पोलिसांना फोन करेल. आपलं हसं होईल ते वेगळंच. काढून टाका तो.”

“आधी तो का येतो ते कळायला हवं,” ती म्हणाली.

“का येतो ते निवांत शोधा. आधी दिसायचा बंद करा.”

तात्यानं तोड काढली. घरात राहणारा माणूस एकटा असेल तर ठिपका एकच दाखवायचा. दोन आलेच तर जो जास्त हलतो तो माणूस धरायचा; जो कमी हलतो तो खोटा, तो गाळायचा. झोपलेला माणूससुद्धा श्वास घेतो, म्हणजे हलतोच. खोटा ठिपका मुळीच हलत नाही. मग चूक होईल कशी?

तिच्या मनात पाल चुकचुकली. “आणि जास्तीचा हलला तर? तुझ्यापर्यंत आला होता ना तो.”

“ताई, ते प्रतिबिंब होतं. जो नाहीच तो हलेल कसा?”

साहेब हसले. मग तीही हसली. तिला वाटलं, खरंच की, आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय.

तिनं गाळणी तपासली. मनापासून तपासली, नाही असं नाही. सगळ्या तऱ्हांनी पडली, भिंतीला धरून घसरली, निपचित पडून राहिली, श्वास रोखून पाहिला. प्रत्येक वेळी ठिपका एक आणि तो वेळेवर लाल. सुंठीवाचून खोकला गेला. तिनं ‘हरकत नाही’ असं कळवून टाकलं. ठिपका एक आहे हे तिनं पाहिलं होतं. तो कुणाचा आहे हे पाहायची बुद्धी तिला झाली नाही, कारण खोलीत तिच्याशिवाय दुसरं होतंच कोण?

६

नवा प्रोग्रॅम घराघरांत गेला त्या सकाळी ऑफिसात उत्साह होता. साहेब पाठी थोपटत फिरत होते. तिनं आपला फोन उघडून बाबांचं घर पाहिलं. एक ठिपका, निळा, चालता. तिच्या जिवात जीव आला.

कामात ती मधून मधून बघत राहिली. बाबा आज भलतेच उत्साहात दिसत होते. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून झोपायच्या खोलीत, परत बाहेर. कुठे बसणं नाही, टेकणं नाही. बाबांचे गुडघे असे की खिडकीपासून टेबलापर्यंत गेले तरी खुर्ची गाठायचे. ‘नवीन गोळ्या लागू पडल्या वाटतं,’ ती मनात म्हणाली. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ठिपका थांबला नाही की वळला नाही. बाबांना कमी ऐकू येत होतं, त्यामुळे तिनं मनावर घेतलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा लावला, तेव्हाही तेच.

मग तिला एक गोष्ट दिसली. स्वयंपाकघराच्या दारात ठिपका सरळ आत जात नव्हता. दाराशी आला की जरा थांबायचा, मग कडेकडेनं वळसा घालून आत शिरायचा. परत येताना तोच वळसा. नकाशात त्या जागी काही नव्हतं. स्टूल नाही, टेबल नाही, नुसती फरशी. ठिपका मात्र दर वेळी तिथे थांबत होता आणि काहीतरी चुकवून जात होता.

एकट्याच्या घरात दाराशी आडवं काय पडलेलं असणार, हे कळायला शंकाताई असायची गरज नव्हती.

शेजारीण गावाला गेलेली. ॲम्ब्युलन्सला फोन करून ती टॅक्सीत बसली आणि तात्याला फोन लावला.

“गाळणी काढ. आत्ताच्या आत्ता काढ. जास्तीचा हलतोय आणि माझे बाबा गाळले गेलेत.”

पलीकडे की-बोर्ड वाजू लागला.

“तात्या!”

“सगळ्या घरांत गेलंय, ताई. मागं घ्यायला वेळ लागेल.” त्याचा आवाज फाटला होता. “मी तुला सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी पडलो ना, तेव्हा कोपऱ्यातून पावलं आली होती. अनवाणी. माझ्यापाशी येऊन थांबली. मी डोळे उघडले नाहीत. बाहेर येऊन प्रतिबिंब म्हणालो.”

“का रे?”

“हसली असतीस तू.”

ती हसलीच असती, हे तिला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग आला. टॅक्सी सिग्नलला थांबली. शेजारच्या गाडीत एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, “आई ना? मजेत आहे. आत्ताच बघितलं, घरात फिरतेय.” तिला काच खाली करून ओरडावंसं वाटलं. पण काय ओरडणार?

७

कुलूप तिनं स्वतःच्या किल्लीनं उघडलं. ॲम्ब्युलन्स अजून आली नव्हती. घरात लख्ख ऊन होतं. घड्याळ चालू होतं, पंखा चालू होता. खुर्चीवर वर्तमानपत्राची घडी न मोडलेली.

स्वयंपाकघराच्या दारात बाबा आडवे पडले होते. भिंतीला धरून घसरले असावेत. भिंतीवर हाताचा पुसट माग खालपर्यंत आला होता. डोळे उघडे होते, ओठ सुकले होते. ते जिवंत होते. तिनं गुडघ्यावर बसून त्यांचा चेहरा हातात घेतला आणि तिला रडू कोसळलं.

“बाबा, मी आले. बाबा, लागलंय का?”

“आलीस म्हणजे?” बाबा चिडून म्हणाले. आवाज अगदी खोल गेला होता. “सकाळपासून येरझाऱ्या घालतेस. हाका मारून घसा बसला माझा. जवळ येतेस, वाकून बघतेस आणि जातेस. काय चुकलं गं माझं?”

“मी नव्हते, बाबा. मी आत्ता आले.”

“खोटं बोलू नकोस.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आपलं माणूस असं बघून निघून जातं का?”

तिनं त्यांना पाणी पाजलं. खुब्याचं हाड मोडलेलं दिसत नव्हतं, हातपाय हलत होते, फक्त अंग बर्फ झालं होतं. फरशीवर ठेवायला नको होतं. दारापाशी न्यावं, म्हणजे ॲम्ब्युलन्सवाल्यांना लगेच घेता येईल असं तिनं ठरवलं. उजव्या बगलेत हात घालून ती म्हणाली, “हळूच उठा. माझ्यावर भार टाका.”

बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या डाव्या बाजूला बघत होते आणि त्यांचा राग हळूहळू निवत चालला होता.

“आता दोघी आलात ना,” ते म्हणाले, “मग धरा दोन्हीकडून.”

तिनं जोर लावला. बाबा अंगानं भरलेले. त्यांना तिनं एकटीनं उठवणं शक्य नव्हतं. मागच्या वर्षी तिनं येऊन किती जोर लावला तरी उठले नव्हते. आणि आज ते उठले. डावा खांदा उजव्याच्या बरोबरीनं वर आला. त्यांचा डावा हात हवेत आडवा राहिला, कुणाच्या तरी मानेवर टाकावा तसा, आणि खाली पडला नाही. त्यांच्या सदऱ्याला डाव्या काखेखाली चार घड्या पडल्या होत्या. घट्ट धरलं की पडतात तशा.

तिनं त्या बाजूला तोंड केलं नाही. जन्मभर जिथं कुणी बघत नाही तिथं बघायचंच तिचं काम होतं, पण आज मान वळेना. ती समोरच्या दाराकडे बघत राहिली. दार उघडंच होतं, जिन्यात ऊन होतं. ‘तिथवर न्यायचं,’ ती स्वतःला सांगत होती, ‘तिथवर नेलं की सुटलो.’

बाबांची पावलं मात्र दाराकडे वळली नाहीत. ती झोपायच्या खोलीकडे वळू लागली. तिनं त्यांना आपल्याकडे ओढलं. तेवढ्याच ताकदीनं ते दुसरीकडे ओढले गेले. दटावणं नव्हतं की आवाज नव्हता. एक शांत, न थकणारी ओढ होती. पलंगावर चादर सरळ केलेली तिला दारातून दिसली. उशी एका बाजूला सरकवून ठेवली होती.

“बाबा, इकडे. माझ्याकडे बघा. इकडे चला.”

“अगं हो, पण ती म्हणतेय जरा पडा.”

“कोण म्हणतंय? बाबा, तिथं कुणी नाही!”

तिनं भिंतीला पाय लावला आणि दोन्ही हातांनी त्यांना कवटाळलं. खाली रस्त्यावर गाडीचं दार वाजलं. कुणीतरी जिना चढायला लागलं होतं, पण मजले फार होते. बाबांच्या अंगातली ताकद सरत होती. कितीतरी वर्षांनी लेकीबाळींनी घर भरलेलं बघावं तसे ते हसले.

“अगं, भांडू नका गं दोघी,” बाबा म्हणाले.

ती ओढत राहिली.